चवथीपासून शिगम्यापर्यंत: गोव्यातली थंडीची फुलझाडं

गोव्यातली थंडी रात्रीची असते. डिसेंबर-जानेवारीत पणजीला दुपारी पारा 32 अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे 20 अंशांच्या आसपास उतरतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांत डोंगरांच्या कुशीतल्या गावांना पहाट आणखी गार असते, धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं. पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, ॲस्टर ही थंड हवेची फुलझाडं आपल्याकडे फुलतात ती या गार रात्रींच्या आणि दवाच्या जोरावर. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम तेरा आठवडे हा काळ मिळतो.

म्हणून इथल्या बागेत सगळ्यात मोठं काम घड्याळाचं आहे. थंडी लागली की लोक नर्सरीत जातात, डिसेंबरात बी पेरतात आणि रोप फुलावर येईपर्यंत उन्हाळा दारात उभा राहतो. थंडी येण्याआधीच रोप वाढून तयार असायला हवं. बी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास पेरावं, रोप दिवाळी ते तुळशीच्या लग्नाच्या दरम्यान जागेवर लावावं, मग नाताळात अंगण भरतं आणि नीट राखलं तर शिगम्यापर्यंत फुलं मिळतात.

काय लावावं

पहिल्यांदा लावणाऱ्याने पिटुनिया, फ्रेंच झेंडू, फ्लॉक्स, डायन्थस आणि साल्व्हिया या पाचांतून निवड करावी. ही झाडं 20 अंशांच्या रात्रीत समाधानाने फुलतात. पिटुनियात मोठ्या फुलांचे ग्रँडिफ्लोरा आणि लहान फुलांचे मल्टिफ्लोरा असे दोन मुख्य प्रकार मिळतात. पाकिटावरचं चित्र पाहून हात मोठ्या फुलाकडेच जातो, पण आपल्या हवेला मल्टिफ्लोरा बरा. फुलं लहान असली तरी संख्येने भरपूर येतात, दवाने किंवा अवेळी पावसाने लोळत नाहीत आणि झाड ऊनही जास्त सोसतं.

झेंडूच्या बाबतीत दिवस मोजून जात निवडा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा नारंगी गेंदा’ ही जात नावाजलेली आहे, फूल सुंदर, टपोरं. पण बी पेरल्यापासून फुलायला तिला 120 दिवसांहून जास्त लागतात. ऑक्टोबरात पेरलेली ही जात फेब्रुवारी गाठते. बुटका फ्रेंच झेंडू 50 ते 60 दिवसांत फुलतो, त्यामुळे तो दोनदा पेरता येतो: एकदा सप्टेंबरच्या शेवटी, एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

ॲस्टरला वेळ लागतो, तरी तो लावावाच असं माझं मत आहे. कापून पाण्यात ठेवला की फुलदाणीत आठवडाभर टिकतो, देवालाही चालतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या कामिनी, पूर्णिमा, शशांक या जाती दक्षिणेकडच्या हवेसाठी चांगल्या आहेत. बी मात्र ताजं हवं, कारण ॲस्टरचं बी वर्षभरात उगवण्याची ताकद गमावतं. पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

व्हर्बिना, गझानिया, गलार्डिया, कॉसमॉस आणि डेलिया हीही येतात. कॉसमॉस आणि गलार्डिया तर फार लाड न करता येतात. ग्लॅडिओलसचे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात 5 ते 8 सेंटीमीटर खोल लावले की 70 ते 90 दिवसांत दांडे येतात. डॉग फ्लॉवरला, म्हणजे अँटिऱ्हिनमला, याहून गार रात्री आवडतात. समुद्राजवळ तो उंच होऊन विरळ फुलतो, आतल्या गावांत बरा येतो.

पँझी, स्वीट पी, लार्कस्पर यांच्यापासून सांभाळून. पँझीची तयार रोपं डिसेंबरात आणून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवली तर महिना-दीड महिना फुलं देतात, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ट्युलिपचा विचारच सोडा. त्याच्या कंदाला बारा ते सोळा आठवडे कडक गारवा लागतो, तो इथे फ्रीजबाहेर कुठेच नाही.

बी पेरण्याची वेळ

नाताळाची तारीख धरून मागे मोजत या. पिटुनियाला बी ते फूल दहा ते बारा आठवडे लागतात, फ्लॉक्सला नऊ-दहा, साल्व्हिया, व्हर्बिना आणि डायन्थसला बारा ते चौदा, ॲस्टरला पंधरा ते सतरा. याचा अर्थ ॲस्टर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, साल्व्हिया आणि डायन्थस सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पिटुनिया सप्टेंबरच्या शेवटी आणि फ्लॉक्स ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायला हवा. चवथ कधी ऑगस्टात येते, कधी सप्टेंबरात, म्हणून तिथीपेक्षा या तारखा लक्षात ठेवा.

हे महिने पावसाचे आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि पुढे ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात. उघड्यावर पेरलेलं बी पहिल्याच सरीत वाहून जातं. जुन्या घराचा बलकांव म्हणजे दारापुढची छपराची बैठक, पुढच्या पडवीचा कडेचा भाग किंवा पारदर्शक पत्र्याखालची जागा रोपांसाठी उत्तम. वरून पाणी नको, बाजूने उजेड भरपूर हवा. उजेड कमी पडला की रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि मग ती कधीच दणकट होत नाहीत.

रोपं तयार करणं

दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग धुतलेली नदीची वाळू असं मिश्रण करा. अंगणातली माती या टप्प्यावर वापरू नका, तिच्यात बुरशी असते. समुद्रकाठची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी बदला, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. मग प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचे खणांचे ट्रे, नाही तर तळाला भोकं पाडलेले आइस्क्रीमचे डबे भरा.

पिटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे भरतात. ते चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मिश्रणावर भुरभुरा आणि वर माती अजिबात घालू नका, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. साल्व्हियाचंही बी उघडंच ठेवावं. फ्लॉक्स आणि व्हर्बिना यांना याच्या उलट काळोख लागतो, त्यांच्यावर अर्धा सेंटीमीटर मिश्रण पसरून उगवेपर्यंत वर्तमानपत्र झाका. झेंडू आणि ॲस्टर पाव ते अर्धा सेंटीमीटर खोल.

पाणी खालून द्या. परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवला की ओल वर चढते. पृष्ठभाग काळसर दिसला की ट्रे बाहेर काढून निथळू द्या. झारीने वरून घातलेलं पाणी पिटुनियाचं बी एका कोपऱ्यात गोळा करतं.

रोपवाटिकेतला खरा वैरी म्हणजे कोलमडणं. काल उभी असलेली रोपं आज मातीलगत काळी पडून आडवी झालेली दिसतात. सप्टेंबरच्या दमट हवेत हा रोग एका रात्रीत ट्रे साफ करतो. मिश्रण भरतानाच त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळावी, बी दाट पेरू नये, दोन पाण्यांच्या मध्ये वरचा थर किंचित सुकू द्यावा. एखाद्या कोपऱ्यात रोग दिसलाच तर तेवढी रोपं मातीसकट काढून टाका आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात द्या. या औषधाने ट्रायकोडर्माही मरतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी देऊ नका.

याच दिवसांत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी हिंडत असतात. एका रात्रीत त्या पूर्ण ट्रे कुरतडतात. ट्रे टेबलावर ठेवा, रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा, हातमोजे घालून गोगलगायी गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बालदीत टाका. मीठ बागेत टाकू नका.

खरी पानं दोन जोड्या आली की रोपं लहान पिशवीत किंवा कागदी कपात एकेक करून हलवा. चार-पाच पानांची झाली की आठवडाभर रोज थोडं जास्त ऊन दाखवा.

रोपं विकत आणणार असाल तर नोव्हेंबरातच आणा. फुलांनी लगडलेली पिशवी मोहात पाडते, पण लहानशा पिशवीत फुललेल्या झाडाची मुळं कोंडलेली असतात आणि ते लवकर संपतं. कळ्या नुकत्या दिसणारी, बुटकी, बाजूने फुटलेली रोपं घ्या.

माती

डोंगरउतारावरची मरड जमीन जांभ्याची असते: लाल, आम्लधर्मी, पाणी पटकन सोडणारी. खेर जमीन वाळूमिश्रित, तिच्यात मुळं सहज पसरतात, पण खत टिकत नाही. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली माती काळीभोर आणि सुपीक दिसते म्हणून काही जण कुंड्यांसाठी आणतात. ती आणू नका. तिच्यातल्या क्षाराने हंगामी फुलझाडांची पानं कडेने करपतात.

मरड जमिनीत वाफा करायचा तर वीतभर खोल खणून जांभ्याचे खडे वेचा आणि चौरस मीटरला दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. माती फार आम्ल असेल तर चौरस मीटरला 100 ग्रॅम शेतीचा चुना लावणीच्या तीन आठवडे आधी घाला. झेंडू, ॲस्टर, डायन्थस यांना त्याने बरं वाटतं. पिटुनियाला मात्र थोडी आम्ल मातीच आवडते. चुना जास्त झाला की तिला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून पिटुनियाच्या वाफ्यात चुना नको.

कुंडीसाठी एक भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, अर्धा भाग कोकोपीट, अर्धा भाग वाळू आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड हे प्रमाण माझं आवडतं. कुंडी मातीचीच घ्या. डिचोलीच्या कुंभारांच्या भाजलेल्या कुंड्यांच्या अंगातून ओल झिरपते, वाफ होते आणि मुळं गार राहतात. दुपारच्या 32 अंशांत हा फरक झाडाला कळतो. प्लास्टिकची कुंडी वापरलीत तर ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाची सोडणं भरा. सोडणं आधी दोन दिवस पाण्यात भिजवून ते तांबडं पाणी फेकून द्या.

जागा

थंडी रात्रीची, म्हणून जागाही रात्रीचा विचार करून निवडायची. हे बहुतेक बागांमध्ये राहून जातं. पश्चिमेकडची जांभ्याची किंवा काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. पेव्हर घातलेलं अंगणही तेच करतं. त्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्यांना गार रात्र मिळतच नाही. पत्र्याखालच्या किंवा सज्ज्याखालच्या कुंड्यांनाही नाही, कारण जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते तेव्हाच गारवा पडतो आणि छप्पर ती वाट अडवतं. दवही छपराखाली पडत नाही.

उघड्या आकाशाखाली, मातीच्या जमिनीवर, पूर्वेकडे मोकळी आणि दुपारी एक-दोननंतर आंब्या-फणसाची सावली पडणारी जागा सर्वांत चांगली. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेला अशी जागा हमखास सापडते. आत पोफळींखाली मात्र ऊन पुरत नाही. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालंच पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेच्या बाल्कनीत कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, भक्कम आधार देऊन कुंड्या ठेवाव्यात आणि बाल्कनीची फरशी संध्याकाळी ओली करावी. कोलव्यापासून मोरजीपर्यंतच्या किनारी गावांत दुपारचा वारा खारा असतो. तिथे झाडांपुढे जास्वंदीसारखं कुंपण हवं, आणि गझानिया हे फूल त्या वाऱ्यालाही पुरून उरतं.

लावणी आणि शेंडा

लावणी संध्याकाळी करा. पिटुनिया 25 ते 30 सेंटीमीटर अंतरावर, फ्रेंच झेंडू, ॲस्टर आणि साल्व्हिया 25, डायन्थस 20, फ्लॉक्स 15 ते 20. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो आणि दाट लावावंसं वाटतं, पण जानेवारीतल्या भुरी या बुरशीच्या रोगाची सुरुवात दाट लावणीतूनच होते. पहिले तीन दिवस दुपारी केळीच्या पानाचा तुकडा किंवा नारळाचं झावळ आडोशाला ठेवा.

रोपाला सहा ते आठ पानं झाली की पिटुनिया, झेंडू, साल्व्हिया, डॉग फ्लॉवर यांचा शेंडा खुडा. पहिली कळी दिसत असताना ती खुडायला मन धजत नाही. तरी खुडा, कारण त्यानंतर चार-सहा फांद्या फुटतात आणि फुलं दहा-बारा दिवस उशिरा येत असली तरी कितीतरी पटींनी येतात. मात्र डिसेंबर उजाडल्यावर लावलेल्या रोपांचा शेंडा खुडू नका, तेवढा वेळ उरलेला नसतो. डेलियाला काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर कंद दुखावतो.

पाणी आणि खत

सकाळी पाणी, मुळाशी. रात्री दव असतंच, त्यात संध्याकाळी पानं भिजवली तर बुरशीला आमंत्रण. बोट मातीत दोन पेरं घालून पाहा, ओल लागली तर पाणी नको. डिसेंबरात जमिनीतल्या झाडांना एक दिवसाआड पुरतं, कुंड्यांना रोज, आणि फेब्रुवारीत कुंड्यांना दोन वेळा. वाफ्यावर सुकी पानं किंवा भाताचं गवत दोन इंच पसरा, मूळ गार राहतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर काही ठिकाणी मचूळ होतं. जिभेला खारट लागत असेल तर कुंड्यांना नळाचं पाणी द्या.

लावणीनंतर पंधरा दिवसांनी खत सुरू करा. ताज्या शेणाची स्लरी चार दिवस आंबवून दहा पट पाण्यात पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा द्या. किंवा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा. कळ्या दिसल्या की 13:00:45 वर या, प्रमाण तेच. युरियाच्या नादी लागू नका, पानं हिरवीगार होतात आणि फुलं रुसतात.

सुकलेली फुलं रोज काढा. पिटुनियाची नुसती पाकळी ओढू नका, देठासकट मागची हिरवी बोंडी गेली पाहिजे, नाही तर झाड बी धरतं आणि फुलणं आवरतं घेतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिटुनिया लांबून मध्ये ओकीबोकी दिसू लागते. तेव्हा धीर करून एकतृतीयांश छाटा आणि लगेच खत द्या, तीन आठवड्यांत पुन्हा भरते. शिगम्यापर्यंत फुलं हवी असतील तर ही छाटणी चुकवू नये. फेब्रुवारीच्या मध्याला वर 35 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा.

रोग आणि किडी

जानेवारीत हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात, मागे पाहिलं तर जाळी. सकाळी पाइपाने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा, लागोपाठ चार-पाच दिवस. बहुधा एवढ्याने भागतं. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांना निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, त्यात थोडं साबणाचं पाणी, आठवड्याने पुन्हा. फ्लॉक्स आणि व्हर्बिनावर भुरी येते. पिठासारखा थर दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण सकाळी लवकर फवारा; तापलेल्या दुपारी गंधक पानं जाळतं, आणि निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक वापरू नये.

शेवंतीचं वेगळं गणित

शेवंती इतर झाडांसारखी तीन महिन्यांची पाहुणी नाही, ती वर्षभर सांभाळायची. ती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र पुरेशी लांब झाली की तिला कळ्या धरतात. गोव्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा असतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातली लांबणारी रात्र ही तिची खूण. या दोन महिन्यांत तिच्यावर रात्रभर दिवा पडता कामा नये. गेटवरचा बल्ब, रस्त्यावरचा खांब, दिवाळीचा आकाशकंदील, यांच्या उजेडात ठेवलेली शेवंती पानांनी भरते आणि कळ्यांना उशीर लावते. कुंडी घराच्या मागे, काळोख्या बाजूला न्या आणि कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर पुढे आणा.

फेब्रुवारीत फुलं संपली की झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटून अर्ध्या सावलीत ठेवा. बुडातून फुटवे येतील. जूनमध्ये त्यांचे बोटभर शेंडे वाळू-कोकोपीटमध्ये खोचा, छपराखाली ठेवा, तीन आठवड्यांत मुळं धरतात. ऑगस्टअखेरपर्यंत दोन-तीनदा शेंडे खुडा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर कात्री लावू नका. जुन्या झाडापेक्षा या कलमांना फुलं टपोरी येतात. पावसात उघड्यावर राहिलेली शेवंती मात्र मूळकुजीने जाते.

मार्चनंतर

डेलियाचे कंद पानं पिवळी पडल्यावर उकरा, सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत भरून घरात ठेवा, जमिनीत ठेवले तर जूनच्या पावसात कुजतात. ग्लॅडिओलसचंही तसंच.

झेंडू, फ्लॉक्स, गलार्डिया, कॉसमॉस यांचं बी धरता येतं. फेब्रुवारीत सर्वांत चांगल्या झाडावरची चार-पाच फुलं न तोडता पूर्ण वाळू द्या. संकरित पिटुनियाचं बी धरू नका, त्यातून येणारी झाडं आईसारखी निघत नाहीत. बी सावलीत आठवडाभर वाळवून लहान काचेच्या बाटलीत भरा, सोबत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाका, झाकण घट्ट लावा. बाहेर कपाटात ठेवलेलं बी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत निकामी होतं, म्हणून बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वर फुलाचं नाव, रंग आणि महिना लिहून चिकटवा. ॲस्टरचं ठेवलेलं बी येत्या ऑगस्टातच पेरून संपवा.

रिकाम्या कुंड्यांतली माती एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पातळ पसरून चार आठवडे वाळवा, मग पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. सप्टेंबरात त्यात एकतृतीयांश नवं कंपोस्ट मिसळलं की ती पुन्हा वापरता येते.